पाण्यात उभा, तरी तहानलेला

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत कृष्णाकाठाने फिरताना मधूनच एखादे शेत वेगळे दिसते. आजूबाजूचा ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि या तुकड्यातला मात्र गुडघ्याएवढाच. पानांच्या कडा करपलेल्या, भर दुपारी पाती मिटून सुरळी झालेली. लांबून पाहणारा म्हणेल, पाळी चुकली असणार. पण शेतात पाऊल टाकले तर टाच रुतते आणि ठशात पाणी साचते. ऊस अक्षरशः पाण्यात उभा आहे आणि तहानेने वाळतो आहे. त्याच दिवशी पूर्वेला जत-आटपाडीच्या माळावर, जिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, तिथे एखादे बोरीचे झाड हिरवेगार उभे असते.

झाड पाणी कसे घेते हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेले असते. मूळ पाणी शोषते, खोड ते वर नेते, पान त्यातून अन्न तयार करते. यात चूक काही नाही, पण सगळा कर्तेपणा मुळाकडे दिला जातो. मूळ पाणी पिते, खोड ते चढवते, असे चित्र मनात बसते. मग पीक सुकले की पहिला उपाय सुचतो तो आणखी पाणी सोडण्याचा. सातारा-सांगलीच्या काळ्या जमिनींची बरीचशी हानी याच समजुतीतून झाली आहे, असे मला वाटते. म्हणून ही गोष्ट मुळापासून न सांगता वरून, आभाळापासून सांगतो.

विहिरीवर मोटार बसवणाऱ्या प्रत्येकाला एक मर्यादा ठाऊक असते. काठावरचा पंप फार खोलचे पाणी ओढू शकत नाही. पंप पोकळी निर्माण करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब फार तर १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. म्हणूनच खोल विहिरीत मोटार खाली टप्प्यावर उतरवावी लागते. टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, माणकडे न्यायचे तर एकामागून एक पंपगृहे आणि त्यांची वीज लागते. कोयनेच्या जंगलातले तीस मीटर उंचीचे झाड मात्र रोज शेंड्यापर्यंत पाणी पोचवते. त्याच्या बुंध्यात पंप नाही, मुळात मोटार नाही.

ओढणारी आहे ती हवा. हवेत निम्मी आर्द्रता असेल, म्हणजे साधी कोरडी दुपार असेल, तर तिची पाण्यावरची ओढ नऊशे बारहून अधिक भरते. एक बार म्हणजे ढोबळमानाने दहा मीटर पाण्याचा दाब. ओल्या मातीत पाणी धरून ठेवणारी ओढ असते जेमतेम एक तृतीयांश बार. पानात ती दहा ते वीस बारपर्यंत जाते. कमी ओढीकडून जास्त ओढीकडे, मातीतून मुळात, मुळातून खोडात, खोडातून पानात आणि पानातून आभाळात पाणी सरकत राहते. झाड या वाटेवर मधे उभे आहे. त्याचे शहाणपण पाणी चढवण्यात नाही, या ओढीला वाट देण्यात आणि वेळेवर ती अडवण्यात आहे. उसाने मुळावाटे घेतलेल्या पाण्यापैकी शेकडा सत्त्याण्णवहून अधिक पाणी पानांतून वाफ होऊन निघून जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. अंगाला लागते ते अगदी थोडे.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला, आणि त्या शोधाच्या आरंभी द्राक्षाचीच वेल होती. इंग्लंडमध्ये टेडिंग्टन गावचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपले प्रयोग मांडले. वसंतात द्राक्षवेल छाटून त्यांनी कापलेल्या टोकाला काचेची नळी जोडली. आतून येणाऱ्या रसाने ३८ इंच पारा उचलून धरला. पाण्याच्या हिशेबात ही उंची ४३ फूट होते. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसच्या बागायतदारांना हे नवे नाही. छाटणी झाली आणि जमिनीत ओल भरपूर असली की काडीच्या कापातून टपटप पाणी गळते. वेलीवर एकही पान नसताना हे पाणी येते, म्हणजे ते हवेने ओढलेले नसते. मूळ आपल्या पेशींतून क्षार आतल्या वाहिन्यांत सोडते, क्षारांमागोमाग पाणी शिरते आणि खालून दाब तयार होतो. हा मूलदाब. हिवाळ्यात पहाटे उसाच्या, गव्हाच्या पातीच्या टोकावर जे थेंब दिसतात, त्यांतले बरेचसे दव नसून याच दाबाने बाहेर आलेले आतले पाणी असते.

मग मूलदाबच झाड चालवतो असे का म्हणू नये? कारण भर उन्हाळ्यात, जेव्हा पाण्याची गरज सर्वांत मोठी, तेव्हा तो सापडतच नाही. शिवाय तो बहुधा एक-दोन बारच्या पुढे जात नाही. काहींना वाटे की खोडातल्या जिवंत पेशी पाणी पुढे ढकलत असाव्यात. आपले जगदीशचंद्र बसू यांनी १९२३ मध्ये रसारोहणावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि पेशींच्या स्पंदनाने रस चढतो असे मांडले. वनस्पतीच्या संवेदनांवरचे त्यांचे काम मोठे आहे, पण हे म्हणणे टिकले नाही. त्याच्या आधीच, १८९१ च्या सुमारास, एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी जर्मनीत उंच झाडे बुडाशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. द्रावण चढत गेले, वाटेतल्या पेशी मरत गेल्या, तरी चढणे थांबले नाही. खोडातल्या जलवाहिन्या मुळात मेलेल्या पेशींच्याच पोकळ नळ्या आहेत. १८९४ मध्ये डब्लिनचे डिक्सन आणि जोली यांनी उत्तर दिले. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बारीक नळीतला अखंड स्तंभ वरून ओढला तरी तुटत नाही. पानातून एक रेणू निसटला की मागचा पुढे येतो, आणि ही ओढ थेट मुळापर्यंत पोचते.

स्तंभ अखंड असेल तोवरच हे चालते. फूटव्हॉल्व्ह गळून पंपाने पाणी सोडले की मोटार नुसती फिरत राहते. तसेच फार ताण पडल्यावर वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरला की ती वाहिनी निकामी होते. रात्री ओढ कमी झाल्यावर मूलदाब अशा काही वाहिन्या पुन्हा भरून देतो. द्राक्षवेलीला हे चांगले जमते. बुडबुडे वाढत जाऊन भरणे उरकेनासे झाले की फांदी वाळते.

हवेची ओढ नऊशे बार आणि पान तग धरते वीस बारवर. मधली प्रचंड तफावत सांभाळते ती पानाची त्वचा. पानावर मेणाचा थर असतो आणि त्यात हजारो पर्णरंध्रे. प्रत्येक रंध्राला दोन रक्षक पेशी. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. दार उघडे ठेवावेच लागते, कारण कार्बन डायऑक्साइड आत यायला दुसरी वाट नाही. पाणी गमावल्याशिवाय अन्न करता येत नाही, ही वनस्पतीची कायमची अडचण आहे. माणदेशातली झाडे ती आपापल्या परीने सोडवतात. निवडुंग दिवसा रंध्रे मिटून ठेवतो, रात्री गारव्यात उघडतो, रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा तो वापरतो. ऊस आणि ज्वारी यांच्या पानांत कार्बन पकडणारी एक जास्तीची यंत्रणा आहे, त्यामुळे थोड्या उघडलेल्या रंध्रांतूनही त्यांचे भागते. ताण वाढला की पातीच्या वरच्या बाजूच्या मोठ्या पेशी पाणी सोडून आकसतात आणि पाती मिटते. दुपारची ती सुरळी म्हणजे उन्हाला दिलेली पाठ.

शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, तर मला विशेष कौतुक वाटते. माण-खटावात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा आणि पुढे पावसाची आशा न धरता भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर काढायचा. त्याची मुळे आठवड्यामागून आठवडा खाली उतरतात आणि ओल जशी खोल जाते तशी तिचा माग काढतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जुनी माणसे सांगतात, त्याचे कारण हेच. कोळप्याने वरचा थर मोकळा झाला आणि भेगा बुजल्या की मातीतून थेट आभाळात जाणारी वाट तुटते. उरते ती पिकातून जाणारी.

मेणाच्या थराची किंमत कळायची तर तासगाव भागातल्या बेदाणा शेडवर जावे. तयार द्राक्षमण्याला जवळजवळ रंध्रे नसतातच, वर मेण असते. तसाच घड सावलीत टांगला तर सुकायला कित्येक आठवडे लागतील आणि मधेच सडेल. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. साधारण प्रमाण लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम आणि १५ मिलिलिटर. सालीवरच्या मेणाची रचना विस्कटते आणि आतले पाणी वाट मिळताच निघून जाते. मग जाळीवर पसरलेली द्राक्षे पंधरवड्यात सुकतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी हवेने नेलेले असते. मणी वेलीवर असताना याच्या उलटही घडते. साखर भरलेल्या मण्याची पाण्यावरची ओढ जबर असते. अशा वेळी अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली की बाहेर जाणारे पाणी थांबते आणि मुळाकडून व सालीवाटे पाणी आत येत राहते. साल ताणते आणि मणी तडकतात. वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाते.

खोडात पाण्याच्या वाटेला लागून दुसरी वाट आहे. सालीच्या आतल्या बाजूला रसवाहिन्या असतात, त्यांतून पानांनी केलेली साखर खाली मुळांकडे, किंवा फळाकडे जाते. या दोन वाटा वेगळ्या आहेत याचा वापर द्राक्षबागेत नेमका केला जातो. मणी धरले की काही बागायतदार गर्डलिंग करतात. खोडाच्या किंवा काडीच्या भोवती दोन-तीन मिलिमीटर रुंदीची साल कड्यासारखी काढायची, आतल्या लाकडाला धक्का न लावता. लाकडातून पाणी वर जात राहते, पण साखर खाली उतरू शकत नाही. ती वरच अडते आणि मणी जाड होतात. काही आठवड्यांत जखम भरून येते. सुरी लाकडात गेली तर मात्र पाण्याचीच वाट कापली जाते. दरम्यान मुळांना साखर मिळत नसते, त्यामुळे अशक्त वेलीवर हा प्रयोग करू नये असे जाणकार सांगतात.

इथे जाता जाता सांगलीच्या हळदीबद्दल. हरिपूरच्या पेवांत जी साठवत आले ती हळकुंडे जमिनीखाली वाढतात म्हणून अनेकांना मुळे वाटतात. पण त्यांच्यावर पेरे असतात, पेऱ्यांवर डोळे असतात, आणि डोळ्यांतून नवा कोंब येतो. हे सगळे खोडाचे गुण. खरी मुळे त्या गड्ड्यांना फुटतात आणि तीच पाणी घेतात. शेतात पाणी साचून गड्डा कुजायला लागतो तेव्हा आधी ही बारीक मुळे गेलेली असतात.

आता मुळाकडे येऊ, कारण कृष्णाकाठच्या त्या उसाचे कोडे तिथेच सुटते. पाणी घेणारा भाग असतो टोकाच्या मागचा, मूलरोमांचा. जाड जुनी मुळे बहुतेक आधार देतात. मूलरोमांतून आलेले पाणी पेशींच्या भिंतीभिंतींमधून काही अंतर बिनधोक जाते, पण अंतस्त्वचेपाशी त्याला थांबावे लागते. तिथल्या पेशींच्या भिंतींत पाणी न झिरपू देणारा पट्टा असतो. १८६५ मध्ये कास्पारी या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. इथून पुढे जायचे तर जिवंत पेशीच्या आतूनच जावे लागते. पेशीच्या पटलात फक्त पाण्यासाठीची सूक्ष्म दारे असतात. अशी दारे दाखवून देणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. खोडातली वाट मेलेल्या पेशींची असली तरी हे दार जिवंत आहे. जिवंत पेशीला श्वास लागतो. श्वासाला हवा लागते, आणि ती मातीतच असावी लागते.

म्हणून वाफसा. चांगल्या जमिनीत निम्मी जागा घन मातीची, उरलेल्या निम्म्यात अर्धे पाणी आणि अर्धी हवा. सतत पाणी साचले की हवेची जागा पाणी घेते, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत दहा हजार पट सावकाश सरकतो. मुळांच्या पेशी गुदमरतात, आतून आंबट होतात, आणि पाण्याची ती सूक्ष्म दारे मिटतात. वर सूर्य तापलेला, हवेची ओढ तशीच, आणि खालचे दार बंद. पान कोमेजते. हे पाहून कोणी आणखी एक पाळी देतो आणि ते दार आणखी घट्ट बंद होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा हजारो शेतांत हेच झाले. शेंड्यावरून पाणी गेलेल्या उसाचा वाढीचा कोंबच कुजला, मग खालच्या डोळ्यांना पांगशा फुटल्या. जिथे शेंडा वर राहिला तिथे उसाने पाण्यालगतच्या कांड्यांवर नवी मुळे सोडली. जुन्या मुळांना हवा मिळेना, म्हणून हवेजवळ नवी. त्याच चिखलात निचऱ्याच्या चराला पानकणीस मात्र डोलत असते. त्याच्या पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात, ते आपली हवा वरून खाली नेते. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर, जे २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, जांभ्यावरच्या पातळ मातीत पावसाळाभर पाणी साचते. तिथल्या सीतेच्या आसवांना तर खरी मुळेच नाहीत. पोषणाची उणीव ती वनस्पती इवल्या फुग्यांत सूक्ष्मजीव पकडून भरून काढते. उसाकडे यातले फारसे काही नाही.

पाण्याने तुंबलेले दार ही निम्मी गोष्ट. उरलेली निम्मी मिठाची. बसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार मूळचेच असतात, आणि पाटाचे पाणीही थोडे क्षार आणते. मुळाचे दार पाणी आत घेते आणि बरेचसे क्षार बाहेर ठेवते. पाणी पानांतून आभाळात जाते, क्षार मुळापाशी राहतात. हिशेब करून पाहू. लिटरमागे पाव ग्रॅम क्षार धरले आणि उसाला हंगामभरात २,५०० मिलिमीटर पाणी दिले, तर हेक्टरी अडीच कोटी लिटर पाण्याबरोबर सव्वासहा टन क्षार शेतात येतात. पाऊस आणि निचरा यांनी ते धुऊन नेले तर बिघडत नाही. निचरा नसेल तर भूजल वर येते. ते दीड मीटरच्या आत आले की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पृष्ठभागी चढते, वाफ होते आणि पांढरा थर मागे उरतो.

खारट पाण्यातले मीठ स्वतःच पाण्याला धरून ठेवते. मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त मानतात. ती दहावर गेली तर नुसत्या मिठाचीच ओढ साडेतीन बारच्या घरात जाते, आणि माती सुकत जाईल तशी दुप्पट-तिप्पट होते. मूळ ओल्या मातीत असूनही त्याला कोरड्या मातीतून पाणी काढण्याएवढे झगडावे लागते. म्हणून कृष्णाकाठचा तो ऊस आणि दुष्काळातले पीक सारखेच दिसते. कोरड्या जमिनीत पाण्याला मातीने धरलेले असते, इथे मिठाने.

हा प्रश्न आजचा नाही. कृष्णेच्या कालव्याचे पाणी खोडशीच्या बंधाऱ्यापासून एकोणिसाव्या शतकापासूनच या खोऱ्यात फिरते आहे. फलटण तालुक्यात पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि १९३८ मध्ये बसू (जगदीशचंद्र नव्हेत) व सिरूर यांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या मातींचे बारकाईने वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणती माती पाणी पचवेल आणि कोणती खराब होईल, हे त्यातून ओळखता येऊ लागले. याच केंद्राचा फुले २६५ हा ऊस क्षारपड जमिनीतही बऱ्यापैकी तग धरतो. द्राक्षात डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करतात त्यामागेही हेच. वरची वेल थॉम्पसनची असली तरी काय आत घ्यायचे हे खालचे मूळ ठरवते.

पण वाण आणि खुंट वेळ काढून देतात, जमीन सुधारत नाहीत. त्यासाठी पाण्याला खाली जायला वाट लागते. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे क्षारपड जमिनींवरचे काम याच दिशेचे आहे. जमिनीखाली ठरावीक अंतराने सच्छिद्र पाइप घालायचे, त्यांतून भूजल चरात, चरातून ओढ्यात न्यायचे. चोपण जमिनीत, जिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, तिथे जिप्सम आणि धैंच्याचे हिरवळीचे खत देतात. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकतो. मात्र हुसकलेला सोडियम वाहून जायला निचरा आधी असावा लागतो, नाहीतर जिप्समचा खर्च मातीतच राहतो. आणि निचरा एका शेतकऱ्याला एकट्याने करता येत नाही. त्याच्या पाइपातले पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून, त्याच्या पलीकडच्याच्या चरातून जायचे असते. वरच्या अंगाला कोणी पाटाने भरमसाट पाणी देत असेल तर ते खालच्याच्याच शेतात उगवते. तेव्हा ठिबक कुणी बसवायचे, चर कुणी मोकळे ठेवायचे आणि ओढ्यातले अतिक्रमण कुणी काढायचे, हे पावसाळ्यापूर्वी, सगळ्या पाणलोटाच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे लागते. पाऊस क्षार धुऊन न्यायला दरवर्षी येतोच, त्याला चर मोकळे मिळाले पाहिजेत.